सिग्नल जागेवरच, मग गवत वर का येतं?

प्रश्न : चिंचवडला राहतो, हौशी रेडिओचा परवाना आहे. एक जुना स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेतलाय, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. अ‍ॅटेन्युएशन (आत येणारा सिग्नल दाबणं) १० वरून २० डीबी केलं की सिग्नल हलत नाही, पण तळाचं गवत (नॉईजची थरथरती रेघ) वर चढतं. अँटेना लावली की ९५.६ मेगाहर्ट्झवर स्टेशन दिसतं, रेडिओवर मात्र तिथे काहीच लागत नाही. माझ्या ऑसिलेटरचं शिखर उणे ८५ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेतली पातळी) आणि गवत उणे ८८. यंत्र बिघडलंय का? पुढे ५ वॅटचा हँडसेट तपासायचाय.

उत्तर : यंत्र ठणठणीत आहे, आणि तुम्ही नेमकं बघितलंत याचा मला फार आनंद झाला. अ‍ॅटेन्युएटर मिक्सरच्या (सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागाच्या) आधी बसतो. त्याने सिग्नल १० डीबीने दाबला की यंत्र पुढच्या टप्प्यात तेवढाच गेन वाढवतं, म्हणून सिग्नलचा आकडा तोच राहतो. पण गवत उगवतं ते मिक्सर आणि त्यापुढच्या सर्किटमधून. ते दाबलं जात नाही, नुसतं वाढतं. म्हणजे गवत बाहेरून आलेलं नाही, यंत्राचं स्वतःचं आहे.

ते खाली न्यायचा खरा उपाय रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे यंत्र एका वेळी फ्रिक्वेन्सीचा जेवढा पट्टा मोजतं तो. साध्या तापमानाला एका हर्ट्झमध्ये उणे १७४ डीबीएम नॉईज असतोच. बँडविड्थ दहापट केली की तो १० डीबीने वाढतो. तुमची सेटिंग १०० किलोहर्ट्झ असेल, तर १ किलोहर्ट्झ करा आणि स्पॅनही (पडद्यावर दिसणारा एकूण पट्टा) लहान करा. गवत उणे १०८ च्या आसपास जाईल. शिखर मात्र उणे ८५ वर राहणार नाही, उणे ८८ दाखवेल. आत्ता तुम्ही वाचताय ती सिग्नल आणि नॉईज यांची बेरीज आहे. दोन्ही सारखे असले की बेरीज ३ डीबी वर दिसते. व्हिडिओ बँडविड्थ (पडद्यावरच्या रेघेचा फिल्टर) कमी करून रेघ गुळगुळीत होते, गवत खाली जात नाही. यावर विद्यार्थी हमखास अडतात.

बँडविड्थ दहापट अरुंद केली की स्वीपला (सगळा पट्टा एकदा तपासायला) शंभरपट वेळ लागतो. तो ऑटोवरच ठेवा. घाईने कमी केलात तर शिखर बुटकं दिसेल. एफएम स्टेशनची पातळी मोजताना मात्र बँडविड्थ अरुंद नको. स्टेशन स्वतःच सुमारे २०० किलोहर्ट्झ रुंद असतं, त्याचा तुकडाच मोजला जातो.

आता ९५.६. पुण्यात ९८.३ आणि १०१ ही जोरदार स्टेशनं आहेत. ९८.३ च्या दुपटीतून १०१ वजा करा : ९५.६. मिक्सरवर भार जास्त झाला की तो आतल्या आत असं खोटं स्टेशन तयार करतो. खात्री करायची तर अ‍ॅटेन्युएशन १० डीबीने वाढवा. खरं स्टेशन जागेवर राहील, खोटं सुमारे २० डीबीने कोसळेल. कुठलंही अनोळखी शिखर दिसलं की आधी हे करा, मगच ट्रान्समीटरला दोष द्या.

हँडसेट थेट जोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम. बहुतेक यंत्रांची मर्यादा ३० डीबीएम, हातात मावणाऱ्यांची त्याहून बरीच कमी. मध्ये ४० डीबीचं पॅड (सिग्नल दाबणारा बाहेरचा जोड) लावा, म्हणजे यंत्रापर्यंत उणे ३ पोचेल, आणि आतलं अ‍ॅटेन्युएशन २० ठेवा. मग १४५ मेगाहर्ट्झचे हार्मोनिक (दुप्पट, तिप्पट फ्रिक्वेन्सीवरचे नको असलेले सिग्नल) २९० आणि ४३५ वर तपासा. पॅड किती वॅटचं आहे ते विकत घेण्याआधी वाचा. ५ वॅटपेक्षा कमीचं असेल तर ते जळेल.