डर्बनला काय बघावं?

प्रश्न : लेक डर्बनला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं जातोय. समुद्राशिवाय काय बघण्यासारखं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : काका, तुमच्याकडं पाऊस झोडपत असतो तेव्हा तिथं कोरडा, सौम्य हिवाळा. स्वेटर पुरे, छत्री घरीच ठेवा.

पहिल्यांदा फिनिक्स आश्रम गाठा. 1904 साली गांधीजींनी वसवलेला. त्यांचं साप्ताहिक ‘इंडियन ओपिनियन’ इथंच छापलं जायचं. 1985 च्या दंगलीत त्यांचं घर जळालं, आता दिसतं ते पुन्हा उभारलेलं. बेळगावात टिळकवाडीतली, 1924 च्या गांधीजींच्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर पाहिलेल्या माणसानं हे चुकवू नये. जवळच ओहलांगेची शाळा, 1994 ला मंडेलांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं ते ठिकाण. हा भाग शहराबाहेर आहे. लेकाची गाडी किंवा माहितगार वाटाड्या घेऊनच जा.

व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटात मसाले बघा, घेऊ नका. आपल्याकडं काय कमी आहेत?

‘बनी चाऊ’ मात्र खाच. अर्धा किंवा चतकोर ब्रेड कोरून त्यात गरम रस्सा ओततात, काढलेला गाभा वर ठेवतात. तो बुडवत बुडवत हातानंच खायचा. वहिनी शाकाहारी असतील तर बीन्सचा मागा. मत्स्यालय नातवंडं असली तरच.

गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून बाहेर काढलं ते पीटरमॅरित्झबर्गचं स्टेशन साधारण 80 किलोमीटरवर, दिवसात जाऊन येता येतं.