नागपुरात घरच्या विहिरीवर १ एचपीची मोटर आहे, लाइन अर्धा इंची. लॉनचे चार स्प्रिंकलर नीट फिरत नाहीत. मोठी मोटर घ्यावी का?

नाही, मोटर राहू द्या, आधी लाइन बदला: विहिरीपासून लॉनपर्यंत एक किंवा सव्वा इंची पाइप टाका आणि स्प्रिंकलर दोन-दोन करून चालवा. अर्धा इंची पाइपच्या छेदाचं क्षेत्रफळ एक इंचीच्या साधारण चौथा हिस्सा असतो; लांब लाइनीत सगळं प्रेशर घर्षणातच जातं. त्यावर मोठी मोटर म्हणजे फक्त जास्तीचं वीजबिल (दुकानदार मात्र तीच गळ्यात मारेल). खात्री करायची तर मोटरजवळ जोड सोडून बादली किती वेळात भरते ते पाहा, मग तेच लॉनच्या टोकाला. मोटरपाशी धार जोरात आणि टोकाला मेलेली, तर दोष लाइनीचा. दोन्हीकडे मरतुकडी असेल तर फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या तळाची जाळीची झडप) वर काढा; बहुतेक जाळीत शेवाळ अडकलेलं असतं, नाहीतर वॉशर गेलेला.

एक अडचण मात्र पाइपने सुटणार नाही. काठावरची मोटर ७ मीटरपेक्षा खोलचं पाणी धड ओढत नाही. मे महिन्यात तुमची विहीर त्याखाली जात असेल, तर ओपनवेल सबमर्सिबलच (विहिरीच्या पाण्यात बुडवून चालणारी मोटर) लागेल.