वाचकांचे प्रश्न : टेनरची काळी पाच

प्रश्न : मी बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवतो. जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचं ‘सेंट थॉमस’ बसवायला घेतलं. पेटीवर त्याचा षड्ज पांढरी एकला मिळतो, म्हणजे सी. पण टेनरवर सी धरला की सगळंच बेसूर. वाद्यात दोष आहे का? त्यांचं आणखी काय ऐकावं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : वाद्य ठीक आहे. टेनर बी फ्लॅटचं वाद्य. त्यावर सीची बोटं धरली की कानावर काळी पाच येते. दोन अर्धस्वर वर जा, डीला षड्ज माना. बँडमधल्या ऑल्टो सॅक्सोफोनवाल्यानं (ते ई फ्लॅटचं वाद्य) ए धरावा.

तरी किंचित फरक उरला तर पेटीवर विसंबू नका, बऱ्याच पेट्या 440ला (ए सुराची प्रमाण कंपनसंख्या, 440 हर्ट्झ) मिळवलेल्या नसतात. पाचेक मिनिटं फुंकून वाद्य तापल्यावर ट्यूनर लावा. सूर चढा असेल तर माउथपीस कॉर्कवर जरा बाहेर ओढा, उतरला असेल तर आत ढकला. इंदूरच्या मे महिन्यात तो चढणारच, कारण तापलेल्या हवेत ध्वनी वेगानं धावतो.

धून 16 बारची (म्हणजे मात्रांच्या 16 गटांची) आहे. आधी ती 70 टक्के वेगावर पक्की करा. रोलिन्स सोलो सुरू करतात तो दोनच सुरांच्या तुकड्यावर; मुखडा वेगवेगळ्या मात्रांवर ठेवून पाहणाऱ्या गवयासारखा तो फिरवतात. सूर सोपे आहेत, चुकते ती जागा. म्हणून आधी टाळी देत तोंडानं म्हणा. मॅक्स रोच यांच्या ड्रम सोलोनंतर कॅलिप्सोची (कॅरिबियन बेटांच्या नाचऱ्या गाण्यांची) चाल जाऊन स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, येतो. तिथंही आधीचाच हेलकावा ठेवला तर वादन अडखळतं.

ही कॅलिप्सो रोलिन्स यांच्या घरातली. आई-वडील व्हर्जिन बेटांचे. जन्म मात्र न्यूयॉर्कचा, 1930चा.

‘सेंट थॉमस’ ज्या ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ तबकडीवर आहे, ती 22 जून 1956ला न्यू जर्सीत ध्वनिमुद्रित झाली. तिच्यावरचं अकरा मिनिटांहून मोठं ‘ब्लू सेव्हन’ सोडू नका. एकाच बीजातून सोलो कसा वाढतो, याचं विश्लेषण संगीतकार-समीक्षक गुंथर शुलर यांनी 1958मध्ये त्यावरूनच केलं. मग ‘वे आउट वेस्ट’ (1957). त्यात पियानो नाही, त्यामुळे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आयत्या कानावर पडत नाहीत. रे ब्राउन यांच्या बेसवर कान ठेवा, नाहीतर बार हरवतो.

1959 ते 1961 त्यांनी जाहीर वादन थांबवलं आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज केला. त्यानंतरची ‘द ब्रिज’ (1962) जिम हॉल यांच्या गिटारसाठीही ऐकावी. साठच्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईत पवईच्या आश्रमातही राहिले. नंतरच्या तबकड्या सावकाश ऐकल्या तरी चालेल.

प्रश्न : पावसाळ्यात सॅक्सोफोनची जी शार्पची चावी उघडतच नाही. स्प्रिंग बदलू का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : आधी पॅड बघा. ते एरवी मिटलेलंच असतं, म्हणून थुंकीची ओल आणि साखर त्यावर चिकटते. वाजवण्याआधी चूळ भरा. पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद ठेवून पॅड वरून बोटानं हलकेच दाबा, मग पॅड उघडून कागद काढा. दाबलेलं असताना ओढलात तर पॅडचं कातडं फाटेल. पावडर नको, तिचा लगदा होतो.