वाचकांचे प्रश्न : रँक सगळ्यांची मोठी, संघ मात्र हरतो

या वेळची बहुतेक पत्रं पाच-पाच जणांच्या नेमबाजीच्या खेळांबद्दल, म्हणजे काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंटबद्दल आली. त्यामुळे उत्तरांतली उदाहरणंही तिथलीच आहेत.

प्रश्न : आम्ही पाचही जण वरच्या रँकचे. एकेकटे खेळताना चांगले खेळतो, पण संघ म्हणून उतरलो की खालच्या रँकचे संघही आम्हाला हरवून जातात. नेमकं कमी कुठे पडतंय?

उत्तर : रँकच्या मॅचमध्ये समोरचे पाच जण बहुधा एकमेकांना ओळखतही नसतात. तिथे एकट्याने पुढे घुसणं खपून जातं, कारण शिक्षा द्यायला समोर कुणी जोडीने उभं नसतं. बांधलेल्या संघासमोर तोच पीक, म्हणजे आडोशातून बाहेर डोकावणं, महागात पडतो.

आधी ट्रेड तपासा. आपला गडी पडला की त्याला मारणारा दीड-दोन सेकंदांत पडला पाहिजे. त्यापेक्षा उशीर झाला तर तो आडोशाला गेलेला असतो, किंवा त्याचा निशाणा पुन्हा जागेवर आलेला असतो. शेवटच्या तीन सामन्यांचे डेमो, म्हणजे रेकॉर्डिंग, काढा आणि आपल्या प्रत्येक मरणापुढे एकच नोंद करा : ट्रेड झाला की नाही. झाला नसेल तर कारण लिहा. दुसरा लांब होता? रिलोड करत होता? भलतीकडे बघत होता? की हातात ग्रेनेड होता? हे शेवटचं कारण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं. पहिला गडी आत शिरत असताना मागच्याने स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, काढायचा नसतो. स्मोक आधी टाकून, हातात बंदूक घेऊनच मागे लागायचं.

अंतरही बघा. मागच्याने पहिल्याच्या पाठीला चिकटून गेलं तर गोळ्यांच्या एकाच फवाऱ्यात (स्प्रेमध्ये) दोघे जातात. अगदी एका रेषेत गेलं तर पुढच्याचं अंगच नेमाच्या आड येतं. अर्धं पाऊल बाजूला आणि समोरच्याला एकदम दोन्ही निशाणे धरता येणार नाहीत इतकं मागे, ही जागा हवी. दारातून शिरताना पहिला उजवा कोपरा घेत असेल, तर दुसऱ्याचा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, आधीपासून डावीकडे असावा.

दुसरी गोष्ट भूमिकांची. रँकवर वर आलेले पाचही जण बहुतेक वेळा एन्ट्री, म्हणजे सगळ्यांत आधी आत घुसणारे, असतात. साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागेवर, एकटं उभं राहून, मदत येईपर्यंत वेळ काढणारा अँकर कुणाला व्हायचं नसतं. दुसऱ्यासाठी फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) टाकणारा सपोर्टही नाही. ही कामं स्कोअरबोर्डवर दिसत नाहीत ना! म्हणून भूमिका वाटताना किल मोजू नका. कोण शांत राहून थांबू शकतो ते बघा, आणि त्याला अँकर करा. आयजीएल, म्हणजे मैदानात डाव ठरवणारा कप्तान, तो असावा ज्याला नेम आणि विचार दोन्ही एकदम झेपतात. नेम थोडा कमी पडला तरी चालतो, मात्र ‘आता काय’ हे पाच सेकंदांत सांगता आलं पाहिजे. एकदा वाटलेल्या भूमिका महिनाभर तरी बदलू नका. दर पराभवानंतर जागा बदलणाऱ्या संघाला आपलं काय चुकलं ते कधीच कळत नाही.

प्रश्न : मॅच सुरू असताना आमच्याकडे नुसता गोंगाट होतो. सगळे एकदम बोलतात. मग कप्तान ओरडतो, की सगळे गप्प. मधला मार्ग काय?

उत्तर : बोलण्याचा क्रम ठरवा : कुठे, किती, किती लागलंय. ‘बी मेन, दोन, एकाला ऐंशी’, म्हणजे बी मेन या जागी दोघे, त्यातल्या एकाचे शंभरपैकी ऐंशी गेलेले. बस. ‘अरे यार, कसला लकी आहे, मी तर त्याला मारलाच होता’ यात माहिती शून्य आहे, आणि नेमकी त्याच दोन सेकंदांत मागून येणाऱ्याची पावलं ऐकू येत नाहीत.

जागांची नावं पाचही जणांनी एकच वापरायची. एकजण ‘कनेक्टर’ म्हणतो आणि दुसरा त्यालाच ‘ती गल्ली’ म्हणतो, असं असेल तर मॅप उघडून एक संध्याकाळ फक्त नावं पक्की करण्यात घालवा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

मेलेल्याने एक वाक्य बोलावं : कुणी मारलं, कुठून, त्याला किती लागलं. मग माइक बंद. ‘लो आहे’ म्हणू नका, आकडा सांगा. वीस लागलेल्यालाही माणूस रागात ‘लो’ म्हणतो आणि त्या भरवशावर दुसरा बिनधास्त पीक करतो.

शेवटचा गडी उरला, म्हणजे क्लच आला, की चौघे गप्प. घड्याळाकडे बघणारा मात्र एकजण आधीच नेमलेला असावा. काउंटर-स्ट्राइकमध्ये बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंद मिळतात. निकामी करायला किट असेल तर ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. म्हणजे किट नसताना घड्याळात १० उरायच्या आत हात लावायलाच हवा, आणि नेमलेल्याने तेवढंच बोलायचं : ‘बारा उरले, आता.’ व्हॅलोरंटमध्ये स्पाइक, म्हणजे तिथला बॉम्ब, ४५ सेकंदांनी फुटतो आणि निकामी करायला ७ सेकंद लागतात. मात्र तिथे निम्म्यावर, म्हणजे साडेतीन सेकंदांवर, केलेलं काम टिकून राहतं. म्हणून अर्धं करून सोडायचं, समोरच्याला बाहेर काढायचं आणि मग उरलेलं पूर्ण करायचं हा डाव तिथे चालतो, काउंटर-स्ट्राइकमध्ये चालत नाही.

प्रश्न : पिस्तूल राउंड (नुसत्या पिस्तुलांवरचा पहिला राउंड) हरलो की पुढचे दोन-तीन राउंडही जातात. मग फोर्स बाय (असतील ते पैसे उडवून खरेदी) करावा की इको (पैसे वाचवणं)?

उत्तर : काय करायचं यापेक्षा पाचही जणांनी तेच करणं जास्त महत्त्वाचं. काउंटर-स्ट्राइक २ चा हिशोब बघा. पहिला राउंड खेळातल्या ८०० डॉलरवर खेळायचा. हरलात तर दुसऱ्याला १,९०० मिळतात, आणि तोही हरलात तर २,४००. दुसऱ्या राउंडमध्ये कुणी काहीच घेतलं नाही, तर तिसऱ्याला प्रत्येकाकडे ४,३०० येतात. एके-४७ चे २,७००, चिलखत आणि हेल्मेटचे १,०००, उरलेल्या ६०० मध्ये एक स्मोक आणि एक फ्लॅश. नीट सामान झालं.

आता समजा तिघांनी दुसऱ्या राउंडला १,९०० उडवले आणि दोघांनी वाचवले. हरल्यावर तिघांकडे जेमतेम २,४००, म्हणजे नुसती एके-४७ सुद्धा येत नाही. दोघांकडे रायफल, तिघांकडे पिस्तुलं. दुसरा राउंड गेला आणि तिसराही जवळपास गेला. तुमचे ओळीने तीन राउंड जातात ते बहुधा असे.

फोर्स बाय वाईट नसतो. पण आयजीएलने ‘फोर्स’ म्हटलं की पाचांनी करायचा, ‘इको’ म्हटलं की पाचांनी हात आवरायचा. ज्याच्याकडे जास्त उरले असतील त्याने दुसऱ्याला बंदूक टाकायची. २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा जिंकण्यासाठी लागणारे राउंड १६ वरून १३ झाले. त्यामुळे सुरुवातीच्या तीन राउंडचं वजन पूर्वीपेक्षा वाढलंय.

प्रश्न : रोज चार-चार तास स्क्रिम (दुसऱ्या संघाशी सरावाचे सामने) करतो. स्क्रिममध्ये जिंकतो, स्पर्धेत हरतो.

उत्तर : स्क्रिम जिंकण्यासाठी नसते. समोरचा संघ कदाचित त्या दिवशी नवा डाव करून बघत असेल आणि तुम्ही जुन्या सवयींनी त्याला हरवत असाल. त्यातून शिकला तो संघ, तुम्ही नाही.

चार तासांचे तुकडे पाडा. वीस-पंचवीस मिनिटं डेथमॅच किंवा नेमाचा सराव. मग दहा मिनिटं बसून आजचं एकच काम ठरवा, जसं ‘ए साइट गेल्यावर ती परत घेणं’. मग दोन मॅप, स्कोअर काहीही झाला तरी पूर्ण २४ राउंड. आणि शेवटी किमान अर्धा तास डेमो. हा शेवटचा भागच बहुतेक संघ झोप आली म्हणून सोडतात. सोडायचाच असेल तर एक मॅप सोडा.

डेमो बघताना सगळी मॅच लावून बसू नका. प्रत्येकाने खेळतानाच एक-दोन राउंड टिपून ठेवायचे : ‘राउंड ९, घड्याळ १:१२’. तिथे जाऊन मरणाचा क्षण बघण्याऐवजी वीस सेकंद मागे या. नेम चुकला हे सगळ्यांना दिसतंच. तो एकटा त्या कोपऱ्यात का पोचला, त्याला तेव्हा काय माहीत होतं आणि काय सांगितलं गेलं नव्हतं, ते वीस सेकंद आधी सापडतं. नियम एकच : पहिली चूक ज्याची त्याने स्वतः काढायची, आणि सुरुवात आयजीएलने करायची. कप्तान दुसऱ्यांच्याच चुका दाखवत राहिला तर तिसऱ्या आठवड्यात कुणी तोंड उघडत नाही.

रात्री सामना असेल तर कॉफीचा हिशोबही ठेवा. कॅफीन अंगातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा कप मध्यरात्रीही अर्धा शिल्लक असतो, आणि दुसऱ्या दिवशीचा सामना त्या झोपेवर खेळायचा असतो.

प्रश्न : माउसची सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी? महागडा मॉनिटर घेतला तर खरंच फरक पडतो का?

उत्तर : डीपीआय (माउस एक इंच सरकला की तो मोजतो ते टप्पे) गुणिले सेन्सिटिव्हिटी (खेळातला वेगाचा आकडा) हा गुणाकार बघा. काउंटर-स्ट्राइकमध्ये तो ८०० असेल, तर पूर्ण गोल फिरायला माउस सुमारे ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. ६०० ते १,२०० च्या दरम्यान काहीतरी धरा आणि महिनाभर हात लावू नका. व्हॅलोरंटमध्ये जाताना काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ ने भागा.

मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ चा असेल तर ६.९ नी, २४० चा असेल तर ४.२ नी. पहिली उडी डोळ्यांना लगेच जाणवते, दुसरी कमी. मात्र संगणक तेवढे फ्रेम देत नसेल तर मॉनिटरचा पैसा वाया गेला. आणि वायफायवर खेळत असाल तर आधी केबल ओढा. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ३० वरून मध्येच १२० होण्यापेक्षा कायम ५० असलेला परवडतो.

प्रश्न : मनगट दुखतं, रात्री बोटांना मुंग्या येतात. पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. पट्टा बांधून खेळू का?

उत्तर : दुखणं पट्ट्याखाली झाकून खेळू नका. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर मनगटातून जाणाऱ्या नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल तर दोष बहुधा कोपराशी असतो, आणि खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकून बसण्याची सवय तपासावी लागते. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं हे आणखी वेगळं. कोणती बोटं, कोणत्या वेळी, हे लिहून डॉक्टरांकडे न्या, आणि या आठवड्यातच जा. रात्री झोपमोड करणाऱ्या मुंग्या अंगावर काढायच्या नसतात.

तोवर बदली खेळाडूला सराव द्या. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर साधारण काटकोनात येईल आणि मनगट वर मुडपणार नाही. तासाला पाच मिनिटं हात टेबलावरून उचला. स्पर्धा आली म्हणून सरावाचे तास एकदम दुप्पट करणं, हे अशा दुखण्यांचं नेहमीचं कारण आहे.

प्रश्न : मुलाला एका संघाने करार देऊ केलाय. तो सतरा वर्षांचा आहे. आम्ही पालक म्हणून काय बघावं?

उत्तर : पगाराचा आकडा शेवटी बघा. आधी हे शोधा : बक्षिसाच्या रकमेत खेळाडूचा वाटा किती आणि तो किती दिवसांत मिळणार. खेळाडूला बाकावर बसवलं तर पगार चालू राहतो का. दुसरा संघ घ्यायला आला तर बायआउट, म्हणजे करार सोडवायची रक्कम, किती. हा आकडा पगाराच्या कित्येक पटींत असेल तर मुलगा तिथेच अडकतो. करार आपोआप वाढतो का. महिन्याला किती तास स्ट्रीम करावं लागेल, आणि त्याचं चॅनेल कुणाच्या मालकीचं राहील. अल्पवयीन असल्यामुळे सही तुमचीही लागेल. करारांचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवल्याशिवाय ती करू नका. ‘आजच सही हवी’ असं कुणी म्हणत असेल तर तेवढ्यानेच सावध व्हा.

एक गोष्ट मुलाला स्पष्ट सांगा : स्वतःच्या सामन्यांवर पैज नाही, मित्राच्या नावानेही नाही. २०१५ च्या जानेवारीत काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने काही नामांकित खेळाडूंना पैजेसाठी मुद्दाम हरलेल्या एका सामन्यापायी आपल्या स्पर्धांतून बाहेर काढलं. पैज सोडून इतर फसवणुकीलाही माफी नाही : २०२० मध्ये प्रेक्षक कॅमेऱ्याचा एक दोष वापरल्याबद्दल ई-स्पोर्ट्समधली फसवणूक तपासणाऱ्या ईएसआयसी या संस्थेने ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली. हे प्रशिक्षक होते, कोवळी पोरं नव्हेत.

प्रश्न : पहिल्यांदाच लॅन स्पर्धेला (सगळे एकाच ठिकाणी बसून खेळतात त्या) जातोय. बरोबर काय न्यावं?

उत्तर : स्वतःचा माउस, कीबोर्ड, पॅड आणि कानात घालायचे इअरफोन. मोठ्या रंगमंचावर इअरफोनवरून आवाज रोखणारा हेडसेट चढवतात आणि त्यातून सरसर असा आवाज सोडतात, म्हणजे समालोचन ऐकू येत नाही. कानात एक आणि कानावर एक घालून तासभर खेळायची सवय घरीच करा, नाहीतर कान दुखून लक्ष उडतं. माउस वायरलेस असेल तर त्याची केबलही घ्या, कारण एकाच हॉलमध्ये बरेच रिसीव्हर असले की सिग्नल अडखळू शकतो.

सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, पण तो बऱ्याच ठिकाणी थेट लावू देत नाहीत, आयोजकांच्या तंत्रज्ञाकडे द्यावा लागतो. म्हणून सेन्सिटिव्हिटी, डीपीआय, रिझोल्यूशन, क्रॉसहेअरचा कोड आणि बदललेली बटणं कागदावरही लिहून घ्या. बसल्यावर आधी मॉनिटरचा हर्ट्‌झ तपासा. नवा मशीन बऱ्याचदा ६० वरच सुरू झालेला असतो.