'काळा इतिहास' म्हणावं का?

न्यू जर्सीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. अमेरिकेत फेब्रुवारी महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी 'ब्लॅक हिस्टरी मंथ' म्हणून पाळतात. रविवारच्या मराठी शाळेसाठी फेब्रुवारीचं पत्रक काढताना ताईंनी त्याचं 'काळा इतिहास महिना' केलं. पुण्यात त्यांच्या आईने ते वाचलं आणि फोनवर विचारलं, "काय गं, शाळेत काही भानगड झाली का?" तर योग्य शब्द कोणता, असं ताई विचारतात. शिवाय त्यांच्या ऑफिसातही डायव्हर्सिटी ट्रेनिंग असतं. त्याला 'विविधतेचं शिक्षण' म्हटलं तर चालेल का?

ताई, तुमच्या आईंनी अगदी बरोबर वाचलं. काळा पैसा, काळा बाजार, काळी यादी, काळा दिवस, यांतल्या 'काळा'मध्ये रंग नाही, दोष आहे. म्हणून 'काळा इतिहास' म्हटलं की लाजिरवाणा, लपवावा असा भूतकाळ हाच अर्थ मराठी कानाला पहिला लागतो. शब्द मुळात वाईट नाही. जमिनीला आपण 'काळी आई' म्हणतो, विठोबाचं काळेपण अभंगांतून कौतुकाने गातो. फरक पडतो तो विशेष्याने. मातीला, देहाला, देवाला लागला तर 'काळा' हा रंग असतो. व्यवहाराला किंवा अमूर्त नामाला लागला की तो कलंक होतो.

वर्तमानपत्री मराठीत यावर 'कृष्णवर्णीय इतिहास' असा तोडगा दिसतो. सभ्य वाटतो, पण चूक तीच आहे. इतिहासाला कातडी नसते, तेव्हा तो कृष्णवर्णीय कसा होईल? इथे षष्ठीच हवी: 'कृष्णवर्णीयांचा इतिहास'. एका 'चा'ने तो इतिहास माणसांच्या नावावर लागतो.

'कृष्णवर्णीय'ही पूर्ण पुरत नाही, हे मला मान्य आहे. तो शब्द कातडीपाशी थांबतो. अमेरिकेत 'ब्लॅक' हे एका समाजाचं नाव आहे, आणि म्हणूनच २०२० मध्ये तिथल्या मोठ्या वृत्तपत्रांनी त्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत लिहायला सुरुवात केली. देवनागरीत ती सोय नाही. मग 'आफ्रिकन-अमेरिकन' लिहावं का? तुमच्या पत्रकात ते बसेल. पण ब्रिटनमध्ये १९८७ पासून हाच महिना ऑक्टोबरात पाळतात, आणि तिथल्या कॅरिबियन घरांतल्या मुलांना ते नाव लागू होत नाही. म्हणून अर्थ सांगताना 'कृष्णवर्णीय' आणि उपक्रमाचं नाव घेताना सरळ 'ब्लॅक हिस्टरी मंथ', असं मी सुचवेन.

'निग्रो' मात्र फक्त जुन्या नावांत ठेवावा. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली फेब्रुवारीत जो सप्ताह सुरू केला, त्याच्या नावात तो होता, कारण तेव्हा तो समाज स्वतःला सन्मानाने तसं म्हणवत असे. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले, आणि ते स्वतः १९१२ मध्ये हार्वर्डचे डॉक्टरेट झाले. सप्ताहाचा महिना झाला आणि १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली.

पत्रकात 'गुलाम' हा शब्दही येईल. तिथे 'गुलाम लोक' न लिहिता 'गुलामगिरीत डांबलेले लोक' लिहा. गुलाम ही कुणाची जात नव्हे, ती त्याच्यावर लादलेली अवस्था होती. मला इथे जोतीराव फुले आठवतात. १८७३ साली त्यांनी पुस्तकाला नाव दिलं ते 'गुलामगिरी', म्हणजे अवस्थेचं. आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे जरूर सांगा. न्यू जर्सीच्या शाळेत जे शिकतात आणि रविवारी मराठीत जे शिकतात, ते त्या अर्पणपत्रिकेत एकत्र येतं.

आता ऑफिस. 'शिक्षण' आणि 'प्रशिक्षण' हे एकमेकांच्या जागी चालणारे शब्द नाहीत. शिक्षकांचं निवडणूक प्रशिक्षण असतं, चालकांचं प्रशिक्षण असतं: ठरावीक काम, ठरावीक नियम, शेवटी प्रमाणपत्र. इतिहासाचं प्रशिक्षण कुणी देत नाही, तो शिकवतात. न्यू जर्सीत २००२ च्या अ‍ॅमिस्टॅड कायद्यामुळे हा विषय शालेय अभ्यासक्रमात आला, तेव्हा शाळेपुरतं 'शिकवणे' हेच क्रियापद योग्य. ऑफिसातल्या तासाला 'प्रशिक्षण' म्हणा. कायदाही दोन्हींना एका मापाने मोजत नाही. वंशाविषयी काय शिकवायचं यावर फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये शाळा आणि कंपन्या दोन्हींना एकाच कायद्याने बांधलं. त्यातला कंपन्यांच्या सक्तीच्या प्रशिक्षणावरचा भाग मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अडवून ठेवला.

आणि 'विविधता'? हा शब्द आपल्याला भेटतो तो पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरच्या प्रतिज्ञेत, 'विविधतेने नटलेल्या परंपरा' म्हणून. तिथे विविधता नटलेली आहे, सणासुदीची आहे. शाळेतल्या मुलांसाठी ती चालते. ऑफिसात प्रश्न वेगळा असतो: कुणाला नोकरी मिळाली, बढती कुणाची हुकली, कुणाच्या केसांवरून शेरे मारले गेले. अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा नोकरीत वंश आणि वर्णावरून भेदभाव करायला मनाई करतो. मग तो खरा शब्द मराठीत का टाळावा? 'विविधता प्रशिक्षण' वाचून माणसाला वाटतं, वेगवेगळ्या पोशाखांत फोटो काढायचेत. 'भेदभावविरोधी प्रशिक्षण' वाचलं की कशाबद्दल बोलायचंय ते कळतं. कंपनीने मथळा 'विविधता'च ठेवायचं ठरवलं असेल, तर निदान खालच्या ओळीत 'भेदभाव' हा शब्द आणा.

तर शाळेच्या पत्रकात असं लिहा: 'फेब्रुवारी हा ब्लॅक हिस्टरी मंथ. या महिन्यात आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकणार आहोत.' 'शिकवणार' नको, 'शिकणार'च ठेवा; पालकही वाचणार आहेत. आणि छापण्याआधी आईंना एकदा फोनवर वाचून दाखवा.