बुद्धिबळ इंजिनांचे डाव बघताना निकामी मोहरा शोधा

प्रश्न : माझे रेटिंग १५५० च्या आसपास आहे. स्टॉकफिश आणि लीला या इंजिनांचे (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमचे) डाव रोज दोन-तीन तरी पाहतो. पाहताना सगळे पटते, पण पट आवरला की हाती काही उरत नाही. कुठे चुकते? (सांगली)

उत्तर : रोज दोन-तीन डाव पाहता, तिथेच चुकते. आठवड्याला एक डाव पुरे, आणि तोही खऱ्या पटावर मांडून.

इंजिन चाल का खेळले हे सांगत नाही. कधी ते कारण पंचवीस चालींपुढच्या एखाद्या फांदीत असते, तिथवर आपली नजर पोचणार नाही. म्हणून ‘ही चाल का?’ हा प्रश्न आधी विचारूच नका. नुसत्या डोळ्यांनी उत्तर सापडेल असा प्रश्न विचारा : या क्षणी हरणाऱ्या बाजूचा कोणता मोहरा निकामी आहे, आणि तो कधीपासून निकामी झाला? इंजिनांच्या पोझिशनल डावांत दहापैकी सात-आठ वेळा डावाचे मूळ इथेच सापडते.

उदाहरणाला अल्फाझिरो या इंजिनाने २०१७ साली स्टॉकफिश ८ विरुद्ध पांढऱ्याकडून जिंकलेला फ्रेंच बचावाचा डाव घ्या. इंटरनेटवर तो सहज मिळतो. ओळखायची खूण म्हणजे १७ व्या चालीला पांढरा राजा ई३ वर येतो.

पहिल्यांदा थांबा काळ्याच्या १५ व्या चालीनंतर. काळ्या घोड्याने डी२ वरचा उंट मारला आहे. तो घोडा परत मारायला पांढऱ्याकडे तीन मोहरे आहेत : एफ३ चा घोडा, डी१ चा वजीर आणि ई१ चा राजा. तुम्ही कशाने माराल ते कारणासह एका ओळीत लिहा, मगच पुढची चाल बघा. अल्फाझिरोने राजाने मारले आणि पुढच्या चालीत तो ई३ वर नेला. क्लबात कुणी असे खेळले तर शेजारचे लोक गोळा होतील. पण मध्यभाग बघा. पांढऱ्याची प्यादी डी४, ई५ वर आणि काळ्याची डी५, ई६ वर. सगळे कुलूपबंद. राजाला शह द्यायला वाट नाही. उलट ई३ वरून तो डी४ आणि एफ४ सांभाळतो, आणि एच१ चा हत्ती सरळ सी१ वर येऊ शकतो. कॅसलिंगमध्ये एक चाल घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडले.

आता निकामी मोहरा. काळ्याकडे दोन उंट आहेत, म्हणजे पुस्तकाप्रमाणे काळा खूश असायला हवा. पण पांढऱ्याने जो उंट गमावला तो काळ्या घरांचा होता, आणि पांढऱ्याची डी४, ई५, एफ४ ही प्यादी काळ्या घरांवरच आहेत. म्हणजे गेला तो त्याचा वाईट उंट. काळ्याचा पांढऱ्या घरांचा उंट मात्र जन्मभराचा कैदी : डी५, ई६ आणि पुढे जी६ ही त्याचीच प्यादी त्याची वाट अडवतात, आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्याचे बी५ चे प्यादे उभे आहे. तो डी७, सी८, बी७ असा फिरत राहतो, काम काहीच नाही. सी-फाइलवरही पांढऱ्याचेच राज्य, कारण १७ व्या चालीला काळ्याने बी६ खेळल्यापासून सी६ चे घर त्याला प्याद्याने राखता येत नाही.

मग ३० व्या चालीला पांढरा उंट जी६ वरचे प्यादे मारतो. काळा जी५ वरचा घोडा घेतो, वजीर तो उंट मारतो, काळे एफ-प्यादे जी६ वरचा उंट मारते, आणि ३२ व्या चालीला एफ५. हिशेब करा : पांढऱ्याने एका प्याद्याच्या मोबदल्यात आख्खा उंट दिला. जी-प्याद्याने एफ५ मारावे तर वजीर जी७ वर शह देतो आणि एच८ चा हत्ती जातो. म्हणून काळा हत्ती जी८ वर आणतो आणि ३४ व्या चालीला एफ६ चे राखलेले पास प्यादे (ज्याची वाट काळ्याचे कोणतेही प्यादे अडवू शकत नाही असे) तयार होते. पटावर काळ्याचा एक उंट जास्त आहे, पण तो उंट म्हणजे बी७ वरचे एक उंच प्यादे. प्रत्यक्ष लढाई वजीर-हत्ती विरुद्ध वजीर-हत्ती अशीच, आणि तीही पांढऱ्याचे एफ६ गळ्याशी असताना. शेवटी वजीर पटावरून गेल्यावर पांढरा राजा सी३, बी३, बी४, सी५, डी६ करत ई७ वर पोचतो. काळा उंट हे सगळे बसून बघतो.

या डावाला वेळ असा द्या. पहिल्या बैठकीत इंजिन बंद, पंधरा मिनिटांत सगळ्या चाली पटावर खेळून जायच्या. दुसऱ्या बैठकीत १५, १६, २९ आणि ३९ व्या चालींनंतर थांबायचे, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे, वहीत एकच वाक्य. तिसऱ्या बैठकीत इंजिन लावून एकदम तीन फांद्या दाखवायला सांगायचे. पहिल्या तिन्हींच्या आकड्यांत (पोझिशन कुणाला किती बरी हे इंजिन आकड्यात सांगते) ०.२० पेक्षा कमी फरक असेल तर ती चाल सक्तीची नव्हती, आवडीची होती, आणि तुमची चाल वेगळी असली तरी वाईट वाटून घेऊ नका. फरक मोठा असेल तिथेच खोदा.

प्रश्न : हजारो डाव उपलब्ध आहेत. शिकण्याजोगे कसे निवडायचे? अल्फाझिरोचा सामना स्टॉकफिशवर अन्यायकारक होता असेही वाचले. (ठाणे)

उत्तर : अन्यायाची तक्रार रास्त होती. २०१७ च्या शंभर डावांत (२८ विजय, ७२ बरोबरी) स्टॉकफिशला ओपनिंगचे पुस्तक (सुरुवातीच्या तयार चालींचा साठा) नव्हते, प्रत्येक चालीला ठराविक एक मिनिट होते आणि हॅश (आधी तपासलेल्या पोझिशन लक्षात ठेवायची मेमरी) फक्त १ जीबी. पुढे सुधारलेल्या अटींवर हजार डाव झाले, त्यात अल्फाझिरोने १५५ जिंकले आणि ६ हरले. विद्यार्थ्याला याचा उपयोग एवढाच : हरणाऱ्याच्या चाली आदर्श समजू नका, आजच्या इंजिनावर त्या तपासून बघा.

निवडीसाठी टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेतल्या डावांचा मोफत साठा सगळ्यात सोयीचा. तिच्या अंतिम सामन्यात प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळतात. ही जोडी म्हणजे सोन्याची खाण. ज्या जोडीत एक डाव निकाली आणि दुसरा बरोबरीत सुटला, तीच उचला. तीच पोझिशन एकाला वाचवता आली आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे दोन्ही डाव शेजारी ठेवून फरक पडला तेवढी एक चाल शोधायची.

काळही बघा. लीलाने २०१९ मध्ये पंधराव्या आणि २०२० मध्ये सतराव्या हंगामात स्टॉकफिशला हरवले. तेव्हाचे स्टॉकफिश माणसांनी लिहिलेल्या नियमांनी पोझिशन जोखायचे, तर लीला न्यूरल नेटवर्कने. दोघांची नजर वेगळी असल्यामुळे एकाला दिसणारी पोझिशनल गोष्ट दुसऱ्याला उशिरा दिसायची, आणि आपल्याला तो उशीर आकड्यांत वाचता येतो : डावाची नोंद असलेल्या पीजीएन फाइलमध्ये प्रत्येक चालीपुढे त्या त्या इंजिनाचा आकडा असतो. लीला ०.८० म्हणतेय आणि स्टॉकफिश ०.२०, अशी जागा सापडली की थांबा. सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून त्यातही न्यूरल नेटवर्क आले आणि ही तफावत बरीच मावळली.

दोन सापळे. सुरुवातीच्या चाली इंजिनांच्या नसतात, त्या माणसांनी निवडलेल्या असतात, आणि सगळेच डाव बरोबरीत सुटू नयेत म्हणून मुद्दाम एकांगी ठेवलेल्या असतात. त्यांतून ओपनिंग शिकायला जाऊ नका. दुसरे, दोन्ही इंजिनांचे आकडे निकाल पक्का दाखवू लागले की डाव तिथेच थांबवतात. जिंकून दाखवण्याचे तंत्र तुम्हाला दिसतच नाही. ती पोझिशन मांडून इंजिनाविरुद्ध स्वतः जिंकून बघा. निम्म्या वेळा बरोबरी होईल, पण हा सराव सोडू नये.

प्रश्न : आकडा +०.६० दिसतो, पण पांढरा कशामुळे बरा ते कळत नाही. (नागपूर)

उत्तर : आधी आकड्याचा अर्थ. स्टॉकफिश १५.१ पासून (डिसेंबर २०२२) +१.०० म्हणजे ‘एक प्यादे जास्त’ असे राहिलेले नाही. इंजिन स्वतःशीच खेळले तर जिंकायची शक्यता साधारण ५० टक्के, असा त्याचा अर्थ. त्यामुळे जुन्या डावांतले आकडे आणि आजचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

कारण शोधायला मोहरा उचलून ठेवण्याची युक्ती वापरा. अ‍ॅनालिसिसमधल्या पोझिशन एडिटरमध्ये संशय असलेला मोहरा (समजा डी५ चा घोडा) उचलून सपक घरावर, म्हणजे बी१ वर ठेवा. आकडा ०.५० ने घसरला तर मोठा वाटा त्या घोड्याचा. फारसा हलला नाही तर दुसरा मोहरा. मात्र मोहरा हलवताना नकळत काही फुकट मारायला ठेवले नाही ना, ते बघा, नाहीतर आकडा डावपेचाचा येतो आणि तुम्ही तो पोझिशनचा समजता.

डेस्कटॉपवर स्टॉकफिश टर्मिनलमध्ये उघडता येत असेल तर आणखी सोपे. ‘पोझिशन’, ‘फेन’ या आज्ञा आणि त्यापुढे पोझिशन अक्षरांत लिहिलेली ओळ (फेन) द्या, मग ‘इव्हॅल’ (टाइप अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत). पटाचा नकाशा येतो आणि प्रत्येक मोहऱ्याखाली त्याचे त्या पोझिशनमधले मोल छापलेले असते. मोहरा काढून टाकल्यावर मूल्यमापन किती बदलते, त्यावरून ते काढलेले असते. निकामी उंट दुसऱ्या उंटापेक्षा किती स्वस्त झालाय ते तिथे थेट वाचता येते. राजाला शह असेल तर ही आज्ञा उत्तर देत नाही, आणि चालू मारामारीही ती मोजत नाही. म्हणून शांत पोझिशनच द्या.

समोरच्याची धमकी कळत नसेल तर लिचेस या संकेतस्थळाच्या अ‍ॅनालिसिस पटावर एक्स हे बटण दाबा. आपली चाल वगळून प्रतिस्पर्धी काय करेल, ते बाणाने दिसते.

प्रश्न : इंजिनांसारखे एच-प्यादे पुढे ढकलतो आणि हरतो. (मडगाव)

उत्तर : प्यादे बरोबर आहे, वेळ चुकते. एच६ वर पोचलेले प्यादे राजाचे जी७ चे घर काढून घेते आणि शेवटच्या ओळीवरची मात डाव संपेपर्यंत जिवंत ठेवते. त्याची किंमत तेवढीच. आणि त्यासाठी तीन गोष्टी हव्यात : मध्यभाग बंद किंवा तुमच्या ताब्यात, काळ्याचे राजासमोरचे प्यादे जी६ वर आलेले (नाहीतर एच५ ला पकडायला काही नसते), आणि समोरचा एखादा मोहरा वजिराच्या बाजूला अडकलेला, बचावाला न पोचणारा. तिसरी अट लोक विसरतात.

काळ्याला सी५ किंवा ई५ ने मध्यभाग फोडता येत असेल तर एच४ म्हणजे एक चाल वाया, वर तुमच्याच राजासमोरचे जी४ घर उघडे. काळ्याने एच५ ने अडवले तर चिडून जी४ खेळू नका. आता जी५ वर तुमचा घोडा बसू शकतो, आणि तो हाकलायला काळ्याला एफ६ खेळून जी६ कमकुवत करावे लागते. तेवढ्यावर समाधान माना. आणि वजिरा-वजिरी झाली की एच६ चे एकटे प्यादे बहुतेक वेळा ओझेच असते.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे, रेटिंग ११००. तिला हे डाव दाखवू का? (एक पालक)

उत्तर : नको. आधी माणसांचे डाव. रुबिनस्टाइन विरुद्ध साल्वे (वूज, १९०८) हा एकच डाव महिनाभर पुरेल : एक सी५ चे घर, आणि त्याच्याभोवती सगळा डाव. पंधराशे ओलांडल्यावर इंजिनांकडे वळा.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर इंजिनांची आपसांत झुंज लावून एखादी योजना तपासता येईल? (नाशिक)

उत्तर : येईल, आणि एखाद्या रचनेचा अभ्यास करायचा असेल तर ही सगळ्यात चांगली पद्धत आहे. समजा कार्ल्सबाड रचना शिकायची आहे : १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी-प्याद्याने डी५ मारले, ई-प्याद्याने परत घेतले ५. उंट जी५. क्यूटचेस या मोफत प्रोग्रॅममध्ये ही पोझिशन द्या, दहा डाव लावा, प्रत्येकी ३ मिनिटे आणि चालीला २ सेकंद वाढीव. हॅश २५६ एमबी पुरे. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय (पॉन्डर) बंद ठेवा, नाहीतर दोन्ही इंजिने एकाच प्रोसेसरवर भांडतात आणि दोन्ही मंद होतात.

नेहमी होणारी चूक अशी : एकच थ्रेड (प्रोसेसरवर समांतर चालणारे काम) आणि ठराविक नोड्स (तपासायच्या पोझिशनची संख्या) ठेवले तर स्टॉकफिश तोच डाव दहा वेळा खेळते, आणि माणूस म्हणतो ‘बघा, एकच योजना बरोबर’. थ्रेड दोन किंवा चार ठेवा, नाहीतर दहापैकी पाच डावांत काळ्याची पाचवी चाल स्वतः बदलून द्या. लीलाला ग्राफिक्स कार्ड लागते. नसेल तर लहान नेटवर्क घ्या आणि वेळ तिप्पट करा.

नंतर वहीत तक्ता आखा : किती डावांत पांढऱ्याने बी४-बी५ ने सी६ पोखरले, किती डावांत एफ३-ई४ ने मध्यभाग घेतला, आणि काळ्याचा सी८ चा उंट कितव्या चालीला बाहेर पडला. तो तिसरा रकाना आधी भरा.