शंभर ग्रॅमचा ‘टू’

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

ऑलिंपिकच्या इतिहासावरचा तुझा इंग्रजी निबंध काल रात्री दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन ‘व्हेरी’ मोजले. तेवीस निघाले. मिल्खा सिंग व्हेरी फास्ट, पी. टी. उषा व्हेरी फास्ट, खाशाबा व्हेरी स्ट्राँग आणि १८९६चं अथेन्स व्हेरी ओल्ड. माहिती बरोबर आहे, व्याकरणही फारसं चुकलेलं नाही. पण सगळे एकाच मापाचे झालेत. कोण कोणापेक्षा किती पुढे होता, एवढाच तर खेळांच्या इतिहासातला हिशेब. तो मांडायला तू एकच वजन घेऊन बसली आहेस, आणि तेही झिजलेलं.

मिल्खा सिंगपासून सुरुवात करू. १९६०, रोम, चारशे मीटरची अंतिम शर्यत. मिल्खा ४५.६ सेकंदांत आला. रोमच्या आधीचा ऑलिंपिक विक्रम ४५.९चा होता, म्हणजे तोही त्याने मागे टाकला. तरी चौथा! तिसरा आलेला माल्कम स्पेन्स ४५.५मध्ये पोचला होता. आता इथे ‘व्हेरी फास्ट’ लिहून काय सांगितलंस? ते खरंच आहे, पण गोष्ट त्यात नाही. गोष्ट ‘इनफ’मध्ये आहे. ही वॉज फास्ट, बट नॉट फास्ट इनफ. ‘इनफ’ विशेषणाच्या मागून येतो हे लक्षात ठेव. तू एका ठिकाणी ‘इनफ फास्ट’ लिहिलंयस, कारण मराठीत ‘पुरेसा’ आधी येतो. नामाबरोबर मात्र तो आपल्यासारखाच आधी येतो, ‘इनफ मनी’.

‘टू’चं दुखणं याहून मोठं. आपलं ‘फारच’ कौतुकालाही चालतं आणि तक्रारीलाही. फारच छान झालं, फारच उशीर झाला. म्हणून आपली मुलं खुशाल ‘आय ॲम टू हॅपी’ लिहितात. इंग्रजीतल्या ‘टू’ला मात्र बहुतेक वेळा एक रेघ लागते आणि ती ओलांडल्याचा दंडही. पॅरिस, ऑगस्ट २०२४ आठव. विनेश फोगाटने पन्नास किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. पहिलीच कुस्ती आधीच्या ऑलिंपिकची सुवर्णविजेती, जपानच्या युई सुसाकीशी होती, तिलाही हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन झालं तेव्हा काटा शंभर ग्रॅम पुढे गेला. अंतिम लढत हातची गेली आणि नियमाप्रमाणे ती यादीत शेवटच्या क्रमांकावर ढकलली गेली. विनेश ‘व्हेरी हेवी’ होती असं कोणी म्हणेल का? पन्नास किलोच्या पोरीला? पण त्या काट्यासाठी ती ‘टू हेवी’ होती. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्या वाण्याकडची जिऱ्याची पुडी. ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांतला फरक मला कोणी विचारला की मी हल्ली एवढंच सांगतो.

आता माझी फजिती ऐक. मी वर्तमानपत्रात नवा होतो, रात्रपाळीला खेळाचं पान लावायचो. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी तारेवर एका धावपटूबद्दल ‘बेअरली क्वालिफाइड’ आलं. पान सोडायची घाई होती. ‘बेअरली’चा सूर नकाराचा वाटला म्हणून मी मथळा ठोकला, ‘अंतिम फेरी थोडक्यात हुकली’. गडी पात्र ठरला होता, जेमतेम का होईना! दुसऱ्या दिवशी तो अंतिम फेरीत धावला आणि वाचकांचे फोन मी स्वतः घेतले. तेव्हापासून ‘बेअरली’ म्हणजे झालं, कसंबसं झालं. ‘ऑलमोस्ट’ आणि ‘निअरली’ म्हणजे होता होता राहिलं, असं टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं होतं.

‘ऑलमोस्ट’साठी १९०८च्या लंडनचा दोरांदो पिएत्री वाच. मॅरेथॉनमध्ये स्टेडियमवर सगळ्यांत आधी आला आणि शेवटच्या फेरीत पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी उठवून त्याला रेघेपार नेलं. मदत घेतली म्हणून तो बाद झाला आणि सुवर्ण जॉनी हेजला मिळालं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला मुलामा दिलेला कप दिला. रेघ तर ओलांडली होती, तरी त्याच्या नावापुढे ‘वन’, म्हणजे ‘जिंकला’, लिहिता येत नाही, ‘ऑलमोस्ट वन’ लिहावं लागतं.

खाशाबांच्या परिच्छेदात तू ‘ही वर्क्ड हार्डली’ लिहिलंस. वाचून मी चष्मा काढून ठेवला. गोळेश्वरच्या माणसाबद्दल हे लिहिलंस! ‘हार्डली’ म्हणजे जवळपास नाहीच. तुझ्या वाक्याचा अर्थ, त्यांनी काम केलंच नाही म्हटलं तरी चालेल. १९४८ला लंडनमध्ये सहावा क्रमांक आणि १९५२ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हे ‘हार्ड’ने होतं, शेपटी न लावता. ‘हार्डली’ वापरायचीच हौस असेल तर त्याच हेलसिंकीत जागा आहे. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं आणि हक्काची विश्रांती मागायला आपला अधिकारी तिथे नव्हता, असं खाशाबांची गोष्ट सांगताना नेहमी सांगतात. ही हॅड हार्डली एनी रेस्ट. एकाच माणसाच्या एकाच वर्षात दोन्ही शब्द बसले बघ.

‘क्वाइट’ तूर्त बाजूला ठेव. ब्रिटिश माणसाचं ‘क्वाइट गुड’ पुष्कळदा आपल्या ‘बरं आहे’च्या जवळ जातं, अमेरिकी माणसाचं ‘चांगलंच’कडे झुकतं. परीक्षेत कशाला जोखीम? आणि ‘व्हेरी परफेक्ट’ खोड. परफेक्टला पायऱ्या नसतात. १९७६ला माँट्रियलमध्ये नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले तेव्हा फलकावर १.०० उमटलं, कारण दहा दाखवायची सोयच केलेली नव्हती. तिथे ‘व्हेरी’ कुठे चिकटवणार?

तुझं ऑलिंपिकचं बोधवाक्यही दुरुस्त कर. तू ‘फास्टेस्ट, हायेस्ट, स्ट्राँगेस्ट’ लिहिलंस. मूळ लॅटिन ‘सिटियस, आल्टियस, फॉर्टियस’ ही तिन्ही तर-वाचक रूपं आहेत, तम-वाचक नव्हेत. अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बळकट. २०२१मध्ये त्याला ‘एकत्र’ जोडलं, तेही लिही. ‘अधिक’ म्हटलं की कालच्यापेक्षा, शेजारच्यापेक्षा असं काहीतरी मनात धरावं लागतं. मला ते ‘सर्वांत’पेक्षा आवडतं, पण हे माझं मत, निबंधात घालू नकोस.

निबंध पुन्हा लिहिताना आधी आकडा टाक, मग शब्द निवड. उषाबद्दल लिहिताना १९८४, लॉस एंजेलिस, चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत, तिचे ५५.४२ सेकंद आणि तिसरीचे ५५.४१ एवढं मांडलंस की ‘व्हेरी’ लिहायला हात वळणारच नाही. ‘जस्ट’ आपोआप येईल. अथेन्सपुढेही ‘व्हेरी ओल्ड’ नको, साल पुरे.

शनिवारी दुपारी घेऊन ये. चार ‘व्हेरी’ मी चालवून घेईन, पाचवा नाही. आणि आईला सांग, मागच्या खेपेचा चहा व्हेरी स्वीट होता. आमच्या डॉक्टरांच्या मते टू स्वीट.

तुझे,
काका